मदत हवी आहे: बंदराच्या कंटेनर-फेऱ्यांसाठी जुना घोडा (ट्रेलर ओढणारा पुढचा ट्रक) घेताना कोणते इंजिन निवडावे?

नमस्कार.

वडाळ्याला वडिलांच्या काळापासून आमचा लहानसा वाहतूक व्यवसाय आहे. आमच्या एकुलत्या एका ट्रेलरचा घोडा आता दुरुस्तीच्या पलीकडे गेला आहे. ट्रेलरचा सांगाडा अजून धडधाकट असल्यामुळे केवळ घोडा, तोही वापरलेला, घ्यायचे ठरवले आहे. नवा घेण्याइतके कर्ज काढण्याची माझी तयारी नाही.

कळंबोली आणि तुर्भे येथे पंधरा दिवस फिरून तीन गाड्या निवडल्या आहेत. पहिली २०१८ ची टाटा ४०१८, बीएस ४ (धुराच्या प्रदूषणाचे जुने सरकारी मानक), कमिन्सचे ५.९ लिटरचे इंजिन असलेली. दुसरी त्याच वर्षाची अशोक लेलँडची चाळीस टनी, एच मालिकेचे सहा सिलिंडरचे इंजिन असलेली, हीदेखील बीएस ४. तिसरी २०२१ ची भारतबेंझ ५५२८, बीएस ६ (त्यापुढचे, अधिक कडक मानक), ७.२ लिटरच्या ओएम ९२६ इंजिनाची. तिसरीची किंमत पहिलीच्या दीडपटीहून अधिक सांगितली जात आहे. पहिल्या दोघींच्या किमतीत फारसे अंतर नाही.

आमचे काम नेमके कसे आहे हे सांगितल्याशिवाय या प्रश्नाला अर्थ नाही, कारण मला मिळालेला बहुतेक सल्ला लांब पल्ल्याच्या गाड्यांना लागू पडणारा होता. आमच्या दहापैकी सात फेऱ्या न्हावा शेवा ते भिवंडी अशा असतात. अंतर थोडे, पण बंदराच्या फाटकाबाहेरच्या रांगेत इंजिन चालू ठेवून दोन-तीन तास पुढे सरकत राहणे, आणि नंतर गोदामाच्या आवारात पुन्हा तेच, हा आमच्या गाडीच्या आयुष्याचा मोठा भाग आहे. उरलेल्या तीन फेऱ्या पुणे किंवा नाशिककडे जातात, म्हणजे बोरघाट किंवा कसारा घाट भरल्या गाडीने चढावा लागतो.

माझी खरी अडचण धूर स्वच्छ करणाऱ्या यंत्रणेची आहे. टाटाच्या त्या इंजिनात एससीआर आहे, म्हणजे चालक ज्याला नुसते 'युरिया' म्हणतात ते द्रावण धुरात फवारले जाते. अशोक लेलँडने बीएस ४ साठी आयईजीआर पद्धत वापरल्यामुळे त्या गाडीत युरियाची निळ्या झाकणाची टाकीच नाही, धुराचाच काही भाग पुन्हा सिलिंडरमध्ये सोडला जातो. बीएस ६ मध्ये युरियाखेरीज काजळी अडवणारा डीपीएफ हा फिल्टरही आहे, आणि तो स्वच्छ होण्यासाठी धूर पुरेसा तापावा लागतो. तासन् तास रांगेत उभ्या असलेल्या गाडीचा धूर तापणार तरी कसा, हा प्रश्न मला सतावतो आहे.

युरियाची धास्ती मला अनुभवाने बसली आहे. आमचा आताचा घोडाही बीएस ४ आहे. तो विकत घेतल्यानंतर तीन महिन्यांनी लक्षात आले की आधीच्या मालकाने फवारणीची यंत्रणा बंद करून संगणकाला फसवणारे एक छोटे उपकरण तारांमध्ये बसवले होते. टाकी भरलेली, काट्यावर सर्व ठीक, आणि फवारणी मात्र शून्य. यंत्रणा पूर्ववत करायला आलेला खर्च दोन टायरांच्या किमतीपेक्षा जास्त होता. त्यामुळे अशी लबाडी खरेदीपूर्वीच कशी ओळखावी, हेही कृपया सांगावे.

शक्तीचा हिशेब मी माझ्यापुरता मांडला आहे. ४०१८ या नावातच चाळीस टन आणि साधारण १८० अश्वशक्ती आहे, म्हणजे टनामागे साडेचार. ५५२८ मध्ये ५५ टनांना २८०, म्हणजे टनामागे पाचच्या किंचित वर. पूर्ण भाराला हा फरक मोठा नाही. परंतु तेच चाळीस टन ५५२८ ने ओढले, तर टनामागे सात अश्वशक्ती मिळते आणि खोपोलीच्या पुढचा चढ कमी वेळ खालच्या गिअरमध्ये जातो. याचा डिझेलवर प्रत्यक्ष परिणाम किती होतो, हे ज्यांनी दोन्ही चालवल्या आहेत त्यांच्याकडून ऐकायला आवडेल.

माझा कल सध्या अशोक लेलँडकडे आहे, आणि त्याचे कारण निव्वळ युरिया नको हे आहे. हे कारण पुरेसे आहे का?

प्रतिसाद १ (डिझेल मेकॅनिक, कळंबोली)

आपला प्रश्न नीट मांडलेला आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

युरिया नको म्हणून आयईजीआर घेणे हे अर्धे कारण आहे. सिलिंडरमध्ये परत सोडलेल्या धुराबरोबर काजळी येते. ती इनटेक मॅनिफोल्डमध्ये (इंजिनात हवा नेणाऱ्या नळीत) साचते आणि इंजिन ऑइलमध्ये उतरून ते लवकर काळे व दाट करते. आपल्यासारख्या रांगेच्या कामात ऑइलचा हिशेब किलोमीटरवर ठेवणाऱ्याचे नुकसान होते, तो तासांवर ठेवावा लागतो. विकणाऱ्याने तसा ठेवला असण्याची शक्यता फार थोडी. ती गाडी पाहाल तेव्हा इनटेकचा एक पाइप सोडवून आत बोट फिरवा.

कमिन्सच्या त्या इंजिनाबाबत एकच गोष्ट ध्यानात ठेवा. त्याच्या ब्लॉकमध्ये लायनर (सिलिंडरच्या बदलता येणाऱ्या नळ्या) नसतात, पिस्टन थेट ब्लॉकच्या बोअरमध्ये चालतो. त्यामुळे इंजिनकाम निघाले, तर लायनर-पिस्टनचा संच बदलून भागत नाही, ब्लॉक मशिनवर नेऊन बोअर करावा लागतो किंवा स्लीव्ह बसवावी लागते. सुटे भाग आणि हात बसलेले कारागीर मात्र या इंजिनाला गल्लोगल्ली मिळतात, आणि रात्री दोन वाजता उरण रस्त्यावर गाडी बंद पडली की त्याचे मोल कळते.

आता डीपीएफ. आपली शंका रास्त आहे, पण निम्मीच. मोकळ्या रस्त्यावर भार ओढताना हा फिल्टर आपोआप साफ होत राहतो, आणि आपल्या पुणे-नाशिकच्या फेऱ्या त्याच कामाच्या आहेत. भिवंडीच्या फेऱ्यांमध्ये काजळी साचली तर दिवा लागतो, तेव्हा गाडी मोकळ्या जागी उभी करून बटण दाबून सफाई करावी लागते. फिल्टर खराब होतात ते बहुधा हा दिवा दिवसेंदिवस दुर्लक्षित ठेवणाऱ्या चालकांमुळे. काजळी जळून जाते, पण ऑइलची राख जळत नाही, ती फिल्टर उतरवूनच काढावी लागते. म्हणून बीएस ६ मध्ये कमी राखेचे, कंपनीने सांगितलेले ऑइलच घालावे.

खरेदीपूर्वी निदान-यंत्र लावून इंजिनाचे एकूण तास, निष्क्रिय उभे राहिल्याचे तास आणि किलोमीटर हे तिन्ही आकडे मागून घ्या. समजा काट्यावर १,२०,००० किलोमीटर आणि इंजिनाचे तास ६,००० निघाले, तर सरासरी वेग ताशी २० किलोमीटर येतो. म्हणजे ती गाडीही आपल्यासारखीच रांगेत म्हातारी झालेली आहे, किंवा काटा मागे फिरवलेला आहे.

युरियाची लबाडी पकडायला काटा पाहू नका. टाकीची पातळी खूण करून ठेवा आणि भरल्या गाडीने शंभर किलोमीटर जाऊन या. डिझेलच्या तीन ते पाच टक्के युरिया खर्ची पडायला हवा. पातळी हललीच नाही, तर गाडी तिथेच सोडा. वायरिंगचे जोडही उघडून पाहा, कारण खाडीच्या खाऱ्या हवेने ते गंजतात आणि वरून टेप गुंडाळला की लपतात.

इंजिन रात्रभर थंड राहिलेले असतानाच सुरू करून घ्या. विक्रेता आधीच तापवून ठेवत असेल, तर तेच उत्तर समजा. तापल्यावर ऑइल भरण्याचे झाकण काढा. तेथून दाबाने धूर उसळत असेल, तर पिस्टनच्या रिंगा गेल्या आहेत.

प्रतिसाद २ (क्लिअरिंग एजंट, बेलापूर)

दादा, इंजिनाआधी वजनाचा विचार करावा, असे सुचवते. कंटेनरचे कमाल वजन ३०,४८० किलो असू शकते. आपला घोडा आणि ट्रेलर मिळून बारा-तेरा टन धरले, तर बेरीज ४३ टनांच्या आसपास जाते. चाळीस टनी घोड्याला असा कंटेनर कायद्याने नेता येणार नाही. १ जुलै २०१६ पासून निर्यातीच्या प्रत्येक भरलेल्या कंटेनरचे प्रमाणित वजन कळवावे लागते, त्यामुळे जास्तीचे वजन कागदावर दिसतेच. आपल्याकडे टाइल्स, रसायने, लोखंड असा माल येतो की कपडे आणि प्लॅस्टिक, यावर पहिल्या दोन गाड्या विचारात घ्याव्यात की नाही हे ठरेल.

आणखी एक गोष्ट. आठ वर्षांपर्यंत फिटनेसची (गाडी रस्त्यावर चालवण्यायोग्य असल्याची) सरकारी तपासणी दोन वर्षांनी होते, त्यानंतर दरवर्षी. २०१८ च्या गाड्या २०२६ मध्ये त्या रेषेवर येतात, हा खर्च आणि खोटी होणारे दिवस किमतीत धरावेत. आरसीवर कर्जाचा बोजा असेल, तर बँकेच्या सहीचा फॉर्म ३५ (बोजा उतरल्याचा कागद) हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये.

मूळ प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. ताई, आपला मुद्दा माझ्या मनात आलाच नव्हता. गेल्या तीन महिन्यांच्या पावत्या काढून पाहिल्या, तर आमच्या जवळजवळ निम्म्या कंटेनरांचे वजन २८ टनांच्या वर आहे. म्हणजे चाळीस टनी गाडी घेतली, तर हे काम एक तर सोडावे लागेल किंवा धोका पत्करून करावे लागेल, आणि दोन्हींसाठी माझी तयारी नाही. टाटा आणि अशोक लेलँडच्या मालकांना तसे कळवले आहे.

भारतबेंझच्या मालकांनी रविवारी निदान-यंत्र लावू द्यायचे मान्य केले आहे. गाडी रात्रभर बंद ठेवून सकाळी सहाला आमच्यासमोरच सुरू करायची, असेही ठरले आहे. डीपीएफच्या दाबाचे वाचन किती आल्यास फिल्टर उतरवून पाहण्याचा आग्रह धरावा, एवढेच मेकॅनिककाकांनी शनिवारपर्यंत सांगितले तर फार मदत होईल.