पाण्यात उभा असलेला रशियातला मनोरा खरा आहे का?

पंचगंगाकाठ (शुक्रवार पेठ, कोल्हापूर):
मंडळी, एक शंका. मित्रानं ग्रुपवर फोटो टाकलाय. नदीच्या मधोमध पांढरा, उंच, मजल्यामजल्यांचा मनोरा आणि चहूकडं नुसतं पाणी. खाली लिहिलंय ‘काल्याझिन, रशिया’. निम्मे म्हणतात कॉम्प्युटरवर केलाय. आपल्याकडं पावसाळ्यात घाटावरची देवळं बुडून शिखरं तेवढी दिसतात, तसला प्रकार आहे का? की पाणी कायमचंच? बुडणार हे माहीत होतं तर पाडला का नाही? कुणी जाऊन आलंय का?

तांबडा_पांढरा:
फोटो खरा हाय भावा. यूट्यूबवर ड्रोननं काढलेले लई व्हिडिओ हैत. जास्त माहिती डॉक्टर देतील, ते रशियात शिकलेत.

डॉक्टर_राजारामपुरी:
हाक मारलीत म्हणून लिहितो. त्वेरला एमबीबीएस करत असताना सुट्टीत काल्याझिनला गेलो होतो. त्याच प्रांतातलं, व्होल्गाकाठचं गाव. वस्ती पंधरा हजारांच्या आत. हा मनोरा म्हणजे सेंट निकोलसच्या चर्चचं घंटाघर. 1800 साली बांधून झालं, उंची 74.5 मीटर. तेव्हा ते जुन्या गावात कोरड्या जमिनीवर होतं. 1939-40 मध्ये खालच्या अंगाला उग्लिचला विजेसाठी धरण झालं आणि फुगवट्याचं पाणी गावात शिरलं. धरणावर राबले ते बहुतेक स्तालिनच्या छावण्यांमधले कैदी.

चर्च पाडलं, मनोरा ठेवला. पॅराशूटच्या उड्यांचा सराव करायला ठेवला असं सांगतात. पुढं बोटवाल्यांना खूण म्हणून उपयोग झाला, कारण नदी तिथं एकदम वळते. कारण कुठलंही असो, भक्ती नव्हती एवढं नक्की! 1980 च्या दशकात पाया खचू नये म्हणून भोवती भराव टाकून छोटं बेट केलं.

मी गेलो होतो भर थंडीत. व्होल्गा गोठलेली, त्यामुळं थेट मनोऱ्यापर्यंत चालत गेलो. चुन्याचे पोपडे निघून विटा उघड्या पडलेल्या. थोड्या अंतरावर एक आजोबा लाकडी पेटीवर बसलेले. गिरमिटानं बर्फाला भोक पाडून त्यात गळ सोडलेला. मनोऱ्याकडं त्यांची पाठ होती. रोज बघणाऱ्याला त्याचं काय कौतुक!

पण मनोऱ्याच्या नादात लोक मोठी गोष्ट विसरतात. पलीकडच्या काठावर पंधराव्या शतकात मकारी नावाच्या साधूनं स्थापलेला त्रोइत्स्की मठ होता. गावाची भरभराट त्या मठाच्या आधारानं झालेली. तो 1940 मध्ये पाडला. भिंतींवरची 1654 ची चित्रं आधी सोडवून मॉस्कोला नेली, ती तिथल्या वास्तुकलेच्या संग्रहालयाकडं आहेत. मठाचा फोटो कुणी स्टेटसला ठेवत नाही, कारण पाण्यावर दिसायला काही उरलंच नाही.

निवृत्त_पाटबंधारे:
घाटावरच्या देवळांशी तुलना जमत नाही. पंचगंगेचा पूर ओसरतो, गाळ काढला की पूजा सुरू. धरणाच्या फुगवट्यात गेलेली जागा कायमची गेली. व्होल्गाचा मुलूख सपाट. राधानगरीला दरी आहे, पाणी थोड्या जागेत खोल साठतं. व्होल्गावर धरणाची थोडी उंची वाढवली तरी पाणी लांबवर पसरतं. उग्लिचच्या खालचं रिबिन्स्क धरण तर मोलोगा नावाचं अख्खं गाव गिळून बसलंय. त्या धरणापायी सुमारे 1 लाख 30 हजार माणसं उठली असं सांगतात.

त्यांची घरं ओंडक्यांची. सुटी करायची, नव्या जागी परत रचायची. मी नोकरीत बुडीत क्षेत्रातली घरं मोजलीत. आपल्या मातीच्या भिंती उचलता येत नाहीत. माणसं वासे, कौलं आणि चौकट तेवढी काढून नेतात. भरपाईच्या कागदावर चौकटीचा वेगळा रकाना नसतो, आणि बाई नेमकं त्यावरूनच भांडते.

आणखी एक. बर्फ वितळायच्या आधी तिकडं साठा मुद्दाम खाली आणतात, नव्या पाण्याला जागा हवी म्हणून. तेव्हा काठाजवळचा बर्फ खालून पोकळ राहतो. डॉक्टर भर थंडीत गेले ते बरं झालं. मार्चच्या शेवटी कुणी तसलं धाडस करू नये.

गडवाट_शाहूवाडी:
मकारी हे नाव वाचून थांबलो. अफानासी निकितिन हा त्वेरचा व्यापारी पंधराव्या शतकात आपल्याकडं आला होता. त्यानं स्वतः लिहून ठेवलंय की निघाल्यावर काल्याझिनच्या मठात मकारीचा आशीर्वाद घेतला, मग उग्लिच, कोस्त्रोमा करत व्होल्गेनं खाली गेला. चौलला उतरला. पाऊसकाळ जुन्नरला काढला. तिथल्या खानानं त्याचा घोडा काढून घेतला : धर्म बदल, घोडाही देतो आणि वर हजार मोहरा. शेवटी एका खुरासाण्यानं, म्हणजे इराणकडच्या माणसानं, रदबदली केली तेव्हा सुटला. परतताना जहाज धरलं दाभोळला. तो बिदरकडं होता त्याच सुमारास बहमनींचा वजीर महमूद गवान आमच्या खेळण्यावर, म्हणजे विशाळगडावर, चालून आला होता. त्यामुळं हा मठ पाडला हे वाचून जरा जास्तच लागलं.

डॉक्टर_राजारामपुरी:
वा! त्वेरला नदीकाठी निकितिनचा पुतळा आहे, 1955 सालचा, नावेच्या आकाराच्या चौथऱ्यावर. आम्ही मराठी पोरं संध्याकाळी तिथंच टवाळक्या करायचो.

पंचगंगाकाठ, जायचा विचार असेल तर मॉस्कोहून रेल्वे आहे. बोटीनं बेटावर जायचं असेल तर जून ते ऑगस्ट. झाब्न्या ही छोटी नदीही फुगलेली आहे, त्यामुळं गावातल्या गावात वळसे घालावे लागतात. चालायची तयारी ठेवा. गावाबाहेर 64 मीटर व्यासाची रेडिओ दुर्बीण आहे, ती लांबूनच दिसते. थंडीत गेलात तर वालेन्की, म्हणजे दाबलेल्या लोकरीचे बूट, तिथंच घ्या. ते काल्याझिनमध्येच बनतात. शाकाहारी असाल तर बटाटा आणि बकव्हीटची (कुट्टूची) काशा, म्हणजे शिजवलेले दाणे, यावर भागवावं लागेल. लसणाची चटणी सोबत न्या.