पीटीएसडी: मेंदूतला फरक आधीचा की नंतरचा?

अबोली२२
पीटीएसडी (मोठ्या आघातानंतर जडणारा मानसिक आजार) झालेल्यांचा हिप्पोकॅम्पस, म्हणजे मेंदूतला आठवणींशी संबंधित भाग, लहान असतो, धोक्याच्या खुणांना मेंदू जास्त प्रतिसाद देतो, असं बरंच वाचलं. पण हे आघातामुळे झालं की आधीपासून होतं म्हणून आजार जडला, हे स्कॅनवरून कळणार कसं? आणि घरात एकाला पीटीएसडी असेल तर भावंडांनी जनुकीय चाचणी करावी का?

तर्कट
नुसत्या स्कॅनवरून नाहीच कळत. त्यासाठी अमेरिकेत व्हिएतनाम युद्धाच्या काळातले एकबीज (एकाच बीजापासून झालेले, हुबेहूब) जुळे भाऊ कामी आले. जोडीतला एक लढलेला, दुसरा न लढलेला. काही जोड्यांत लढलेल्याला पीटीएसडी झाला, काहींत नाही. झाले चार गट. आजारी सैनिकात आणि त्याच्या न लढलेल्या भावातही तेच दिसलं, तर ते आधीचं. फक्त सैनिकात दिसलं, तर नंतरचं.

२००२ साली गिल्बर्टसन आणि सहकाऱ्यांनी हिप्पोकॅम्पस मोजला. तीव्र पीटीएसडी असलेल्यांच्या न लढलेल्या भावांचाही तो लहान निघाला. म्हणजे आधीचा. उलट, अचानक ९५ डेसिबलचा आवाज ऐकवल्यावर हृदयाचे ठोके जास्त वाढणं फक्त आजारी सैनिकांत दिसलं. ते नंतरचं.

कोंडीफोड
यात एफएमआरआयचा (काम करत्या मेंदूचा स्कॅन) एक प्रयोग सांगायलाच हवा. पडद्यावर तीन आकडे येतात, त्यांतला वेगळा ओळखून त्याचंच बटण दाबायचं. तीन बोटं, तीन बटणं: १, २, ३. ‘०२०’ सोपं: वेगळा आकडा २, जागाही दुसरी. ‘२२१’ आलं की गोची! उत्तर १, पण तो बसलाय तिसऱ्या जागी, त्यामुळे बोट तिसऱ्या बटणाकडे ओढलं जातं. ही ओढ आवरताना मेंदूतल्या अँटिरिअर सिंग्युलेट या पट्ट्याचा वरचा भाग पेटतो (जास्त काम करतो). पीटीएसडी असलेल्यांत तो जास्त पेटला आणि त्यांच्या न लढलेल्या भावांतही. गंमत म्हणजे इथे भीतीदायक चित्र एकही नाही, नुसते आकडे.

अबोली२२
म्हणजे जनुकांतूनच आलं ना?

तर्कट
घाई नको. एकबीज भावांची जनुकं एक, तसं बालपणही एक. ‘घरातून आलं’ इतकंच म्हणता येतं. जनुकांचा वाटा वेगळा काढायला द्विबीज (दोन वेगळ्या बीजांपासून झालेले) जुळेही लागतात. १९९३ साली दोन्ही प्रकारच्या मिळून ४,०४२ जोड्या तपासल्या. लढाईचा अनुभव हिशेबात धरूनही लक्षणांतल्या फरकाचा १३ ते ३४ टक्के भाग आनुवंशिक निघाला. ही टक्केवारी गटातल्या फरकाची आहे, ‘मला होण्याची शक्यता ३० टक्के’ असा तिचा अर्थ नाही. इथे हमखास गल्लत होते.

पेशवीण
जनुकीय चाचणीवर पैसे घालू नका. २०२४ च्या मोठ्या अभ्यासात १२ लाखांहून अधिक लोकांची माहिती होती आणि जनुकसंचात जोखमीशी जोडलेली ९५ ठिकाणं सापडली. प्रत्येकाचा परिणाम चिमूटभर. त्यातही बहुतेक लोक युरोपीय वंशाचे, त्यामुळे त्यावर बेतलेला जोखमीचा गुणांक आपल्याकडे जसाच्या तसा लागू होत नाही.

भावंडावर खरंच आघात ओढवला तर लक्षणांकडे बघा. महिना उलटूनही दुःस्वप्नं, टाळाटाळ, दचकणं सुरू असेल तर पीसीएल-५ ही २० प्रश्नांची यादी भरून घ्या. ८० पैकी ३१-३३ किंवा त्याहून जास्त गुण आले तर मनोविकारतज्ज्ञांकडे जा. निदान ते करतील, यादी नव्हे. आणि पहिल्याच आठवड्यात ‘झोप लागावी’ म्हणून घरातली अल्प्राझोलम (चिंता कमी करणारी, गुंगी आणणारी गोळी) देऊ नका. त्याने पीटीएसडी टळत नाही, सवय मात्र लागते.