मदत हवी आहे: लिथियम बॅटरी मीटरवर १३.२ दाखवते, पण सेल्फ लागत नाही

नमस्कार मंडळी,

घर गुहागर तालुक्यात, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. गाडी ६५० सीसी ट्विन, २०१९ ची. किक नाही, नुसता सेल्फ. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. गाडीचं नाव आलं की तिसऱ्या प्रतिसादापर्यंत मूळ प्रश्न वाहून गेलेला असतो.

गेल्या दिवाळीत जुनी बॅटरी बसली तेव्हा हौसेने लिथियम मागवली. जुनी चार किलोच्या वर, ही पुरती एक किलोसुद्धा नाही. आईने खोका उचलून विचारलं, "रिकामाच पाठवला की काय रे?" किंमत जुनीच्या जवळजवळ तिप्पट. पण सुरुवातीचे तीन महिने बटणाला बोट लागायचा अवकाश, इंजिन सुरू. ज्याला त्याला दाखवत सुटलो होतो.

फेब्रुवारीत नऊ दिवस मुंबईला गेलो. परत येऊन चावी फिरवली तर काहीच नाही. दिवा नाही, टक् नाही, काटा नाही. व्होल्ट मोजायचा मीटर (मल्टीमीटर) लावला तर ३.४ व्होल्ट. चार्जर लावला तर तो म्हणतो बॅटरी जोडलेलीच नाही! गावातल्या बॅटरीवाल्याने जीपवरून जंप दिला, गाडी सुरू झाली आणि पुढे महिनाभर काही तक्रार नाही. एप्रिलमध्ये पुन्हा आठ-दहा दिवस गाडी उभी होती, पुन्हा तेच.

दुसरा प्रकार निराळाच. परवाच्या शनिवारी दापोलीला निघालो होतो. धोपाव्याला खाडी ओलांडायच्या फेरीबोटीत चढवून गाडी बंद केली. पलीकडे दाभोळला फेरीचं तोंड उघडलं, बटण दाबलं, टक्. डॅशबोर्डचे दिवे मिणमिणले आणि गेले. पुन्हा दाबलं, टक्. मागे पर्यटकांच्या चार गाड्या हॉर्न देतायत, पुढे धक्क्याचा चढ. दोन खलाशी आले आणि तिघांनी मिळून ती वर ढकलली. त्यातला एक काळजीने म्हणाला, "दादा, पेट्रोल हाय ना?" वर येऊन सीट काढली, मीटर लावला, १३.२. बटण दाबलं, टक्. टपरीवर सरबत पिऊन वीस मिनिटांनी दाबलं तर पहिल्या झटक्यात सुरू.

विकणारा म्हणतो, मीटर १३.२ दाखवतोय म्हणजे बॅटरी शंभर टक्के चांगली, गाडी तपासा. मेकॅनिक म्हणतो गाडी ठणठणीत आहे, असली खेळणी लावू नका. पाऊस तोंडावर आलाय. नेमकं काय बदलू?

— खाडीपलीकडचा

वेंगुर्लेकर
चार किलो वाचवूक गेलंस आणि दोनशे किलो ढकलीत बसलंस. हलके घ्या. माझ्याकडे साधीच आहे, तिसरं वर्ष चालू.

जुना फिटर
भाऊ, विकणाऱ्याचं ते शंभर टक्के आधी डोक्यातून काढा. शिसं-आम्लाची बॅटरी खरं बोलते: भरलेली १२.७, अर्धी झाली की १२.२ च्या आसपास. तुमची बहुतेक लिथियम आयर्न फॉस्फेट असेल, म्हणजे आत चार सेल एकामागे एक, प्रत्येकी ३.२ व्होल्ट. तिचा आकडा मधल्या पट्ट्यात हलतच नाही. १३.२ आणि १३.० यांच्यामध्ये जवळजवळ निम्मी बॅटरी लपलेली असते. आणि आपले तीनशे रुपयांचे मीटर ०.१ ने इकडेतिकडे दाखवतात. तेव्हा नुसतं टर्मिनलला टोचून आलेला आकडा हा पुरावा नाही.

तीन आकडे द्या. रात्रभर उभ्या गाडीचा सकाळचा. सेल्फ मारताना किती खाली जातो तो. आणि हेडलाइट लावून चार हजार आरपीएमला किती चढतो तो. शेवटचा महत्त्वाचा. १४.० ते १४.५ असेल तर रेक्टिफायर (चालत्या इंजिनची वीज आवरून बॅटरीला देणारा भाग) शाबूत. १४.८ च्या वर जात असेल तर बॅटरीचं पुढे बघू, आधी रेक्टिफायर बदला.

खाडीपलीकडचा
सकाळी १३.१. सेल्फ मारताना ११.६, आणि गाडी व्यवस्थित सुरू झाली. चार हजारला १४.२.

फेरीवाला प्रकार पुन्हा घडवायला म्हणून काल पालशेतपर्यंत जाऊन आलो, इंजिन चांगलं तापवलं, दारात बंद करून लगेच दाबलं. टक्! आणि गंमत बघा, त्या क्षणी मीटर बॅटरीच्या टर्मिनलवर १२.७ दाखवत होता.

इलेक्ट्रॉनिक्सवाली
हा शेवटचा आकडा मिळाला हे उत्तम झालं. तुम्हाला दोन वेगळी दुखणी आहेत आणि तुम्ही (आणि तुमचा मेकॅनिक, आणि तो विकणारा) त्यांना एकच समजून औषध शोधताय.

आधी उभ्या गाडीचं. बॅटरीच्या लेबलवर "१२ एएच (अँपियर-अवर) समतुल्य" असं काहीतरी लिहिलेलं असेल. तो शब्द सोडून द्या. तो सेल्फ मारायच्या ताकदीबद्दल आहे, साठ्याबद्दल नाही. लेबलवर कुठेतरी बारीक अक्षरात वॉट-अवर, म्हणजे खरा साठा, लिहिलेले असतील, ते बघा.

दुसरं, त्या ३.४ व्होल्टने घाबरू नका. आत बीएमएस नावाचं छोटं सर्किट असतं. एखादा सेल साधारण अडीच व्होल्टच्या खाली जायला लागला की ते सेल वाचवण्यासाठी बाहेरची वाट तोडतं. मीटरला दिसतो तो गळून येणारा किरकोळ व्होल्टेज. आत बॅटरी दहा व्होल्टच्या आसपास असते, पण बाहेरून मेलेली दिसते. म्हणूनच साधा चार्जर तिला ओळखत नाही, त्याला काही तरी व्होल्ट दिसल्याशिवाय तो सुरूच होत नाही. लिथियमच्या चार्जरला झोपलेली बॅटरी जागी करायची सोय असते. कट झाल्यावर त्याच दिवशी चार्ज करा. त्या अवस्थेत महिनाभर पडून राहिली की मात्र सेल खरोखर मरतात.

आणि कृपा करून "डिसल्फेशन" किंवा "रिपेअर" असं बटण असलेला चार्जर लावू नका. तो शिशाच्या पाट्यांवरचा सल्फेट झटकायला चढ्या व्होल्टेजचे झटके देतो. लिथियममध्ये सल्फेटच नाही, नुसते झटके मिळतात.

खाडीपलीकडचा
लेबल पाहिलं. भिंग लागलं. ५१ वॉट-अवर.

इलेक्ट्रॉनिक्सवाली
५१ भागिले १२.८ (चार सेल, प्रत्येकी ३.२), म्हणजे ४ एएच. बारा नाही, चार. आता गाडीला काय काय जोडलंय ते सांगा. चावी बंद असताना जागं राहणारं काही? अलार्म, ट्रॅकर, यूएसबी चार्जर?

खाडीपलीकडचा
ट्रॅकर आहे. शेजारच्या वाडीतून स्कूटर चोरीला गेली तेव्हा बसवला होता, दोन वर्षं झाली. पण जुन्या बॅटरीला कधी त्रास झाला नाही.

इलेक्ट्रॉनिक्सवाली
जुनीला होत होता, तुम्हाला दिसत नव्हता. मीटर १० अँपियरच्या खोबणीत लावा, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून मध्ये मीटर जोडा. चावी बंदच ठेवा. चुकून सेल्फ दाबलात तर मीटरचा फ्यूज गेलाच समजा. काय येतंय ते लिहा, मग ट्रॅकरचा फ्यूज काढून पुन्हा बघा.

किकप्रेमी
अवांतर: लिथियम म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर २०१३ सालची ती बोइंग ७८७ विमानं येतात, बॅटरीच्या आगीमुळे जगभर जमिनीवर बसवली होती. ही वस्तू बुडाखाली ठेवून फिरायचं?

जुना फिटर
विमानातली ती लिथियम कोबाल्ट ऑक्साइडची होती. फॉस्फेटवाली त्या मानाने शांत स्वभावाची, सहज पेटत नाही. भीती वेगळीच आहे. लॅपटॉपचे जुने सेल डाग देऊन "बाइकची लिथियम" म्हणून विकणारे निघालेत, माझ्याकडे अशी एक गाडी आली होती. आत तीन सेलांची रांग होती. त्या सेलाला प्रत्येकी ४.२ च्या वर चालत नाही, म्हणजे तिघांना मिळून १२.६, आणि गाडी देते १४.२. बॅटरी फुगून सीटला चिकटली होती. गिऱ्हाईक म्हणे सीट जरा वर आल्यासारखी वाटते! चार सेलांची केली तरी जमत नाही, १४.२ ला ती अर्धीसुद्धा भरत नाही. स्वस्तात मिळाली तर सेल कुठला ते विचारा, आणि उत्तर देताना माणूस आकाशाकडे बघायला लागला तर उठा.

आता खाडीपलीकडच्या भाऊंचं दुसरं दुखणं. टक् वाजताना टर्मिनलवर १२.७ म्हणजे बॅटरीवर लोडच आला नाही. सेल्फ फिरला तेव्हा ती ११.६ ला आली होती, आठवा. करंट वाटेत कुठेतरी अडतोय. मीटरची काळी टोचणी बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर (वायरच्या टोकाच्या धातूच्या कडीवर, म्हणजे लगवर नाही, खुंटीवरच), लाल टोचणी इंजिनच्या उघड्या धातूवर. कोणाला तरी सेल्फ दाबायला सांगा. गाडी तापलेली हवी. ०.२, फार तर ०.३ व्होल्ट ठीक. त्याच्या वर गेलं तर अर्थिंग, म्हणजे बॅटरीची निगेटिव्ह ते इंजिन ही जोडणी, खराब. मग तसंच पॉझिटिव्ह खुंटी ते सेल्फ मोटरच्या बोल्टपर्यंत.

खाडीपलीकडचा
दोन्ही झालं. सविस्तर लिहितो, कारण मला स्वतःलाच पटत नव्हतं.

चावी बंद, २१ मिलिअँपियर. ट्रॅकरचा फ्यूज काढला, १. म्हणजे वीस एकटा ट्रॅकर खातो. भाचीने वहीत गुणाकार केला: २१ गुणिले २४ तास, दिवसाला अर्धा एएच. चार एएचची बॅटरी, आठ दिवस. मी मुंबईला होतो नऊ दिवस! जुनी बारा एएचची होती आणि मी दर रविवारी चालवायचो, त्यामुळे तिने कधी कुरकुर केली नाही.

मग अर्थिंग. मुलाला सेल्फवर बसवलं. इंजिन गार, ०.४. तापवून दाबलं, टक्, आणि मीटरवर २.१. पॉझिटिव्हच्या बाजूला ०.२ च. अर्थची जाड वायर इंजिनला जिथे बोल्टने बसते तिथला बोल्ट बाहेरून अगदी स्वच्छ, मी दर महिन्याला फडकं मारतो. पाना लावला, लग बाजूला केला, तर खाली हिरवी पूड, शेवाळासारखी. लगच्या मागचं रबर कापलं तर आतली तांब्याची तार काळी, दोन बोटं आतपर्यंत. नखाने खरवडली तर धागे तुटून हातात आले.

वेंगुर्लेकर
हवा. दुसरं काय. आमच्याकडे खिडकीच्या बिजागऱ्या वर्षाला बदलतो.

जुना फिटर
बरोबर. खाऱ्या हवेतली ओल त्या लगमधून, वातीत तेल चढावं तशी, आत चढते. गार असताना उरलेले धागे कसाबसा करंट नेतात, तापले की अवरोध वाढतो आणि सेल्फला पुरत नाही. वीस मिनिटं गार झाली की पुन्हा शहाणी. तुमच्या त्या सरबताचं काम.

तुकडा जोडत बसू नका, अख्खी वायर नवी घाला. कल्हई केलेल्या तांब्याची मिळाली तर बघा, बोटीच्या इंजिनवाल्यांकडे असते, हर्णैला किंवा रत्नागिरीला मिरकरवाड्यात विचारा. इंजिनचा धातू पॉलिश पेपरने चकचकीत करून लग घट्ट आवळायचा, आणि व्हॅसलिन आवळून झाल्यावर वरून. आधी चोपडून मग आवळणारे पुष्कळ पाहिलेत. रेक्टिफायरचा सॉकेटही उघडून बघा, तिथेही हीच हिरवळ उगवते.

इलेक्ट्रॉनिक्सवाली
आणि एक गोष्ट, जंप देताना. रिकामी लिथियम घेऊन थेट लांबच्या प्रवासाला निघू नका. एवढीशी बॅटरी, त्यात गाडी एकदम सगळा करंट ढकलते, ती तापते. त्याहून वाईट म्हणजे चालत्या गाडीत बीएमएसने वाट तोडली तर बॅटरीचा आधारच जातो. व्होल्टेज उसळतं आणि ईसीयूला (इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाला) झळ बसू शकते. बॅटरीपेक्षा तो किती महाग ते तुम्हाला माहीत असेल. त्यामुळे जंपवर सुरू झाली की घरी, आणि चार्जरवर.

शिवाय महिन्यातून एकदा लिथियमच्या चार्जरने पूर्ण भरा, १४.४ पर्यंत. चारही सेल सारखे करायचं काम बीएमएस टोकाला पोचल्यावरच करतं. बाजारापर्यंतच्या फेऱ्यांत तिथवर पोचणं होत नाही. तुमची दोनदा कट झाली आहे, तेव्हा भरल्यावर चार्जरवरून काढून दोन दिवस वेगळी ठेवा आणि मग मोजा. १३.३ च्या आसपास टिकली तर बरी आहे. रोज घसरत असेल तर एक सेल गेला.

किकप्रेमी
थंडीत लिथियम चालत नाही म्हणतात, तो प्रश्न नाही का?

इलेक्ट्रॉनिक्सवाली
शून्याच्या खाली चार्ज करू नये, आणि कडक थंडीत पहिला झटका मरगळलेला असतो, हे खरं. पण ते लडाखला. दापोलीची थंडी धरली तरी तिथवर जात नाही. आपल्याकडे उलटं. मे महिन्यात काळी सीट उन्हात तापत ठेवू नका, तेवढं पुरे.

खाडीपलीकडचा
आठवड्याने लिहितोय. वायर मिरकरवाड्याहून आणली, चंदेरी तारांची. दुकानदाराने विचारलं, "कुठली बोट?" मी म्हटलं दोन चाकांची. बसवल्यावर तापलेल्या गाडीत ०.१५. रेक्टिफायरच्या सॉकेटमध्ये एका पिनेवर हिरवं होतंच, साफ केलं.

बॅटरी भरून दोन दिवस टेबलावर ठेवली: १३.३५, मग १३.३४. म्हणजे वाचली. काल फेरीतून गेलो, मुद्दाम दाभोळला सगळ्यांच्या पुढे गाडी लावून बंद केली. तोच खलाशी होता. बटण दाबलं, लागली. तो हसला आणि म्हणाला, "भरलंत ना पेट्रोल!"

विकणाऱ्याची मी माफी मागणार नाही, त्याचं १३.२ चुकीचंच होतं. मेकॅनिकची मागितली असती, पण गाडी ठणठणीत आहे असं तोही छातीठोक सांगत होता.

आता एकच राहिलं. जून ते ऑगस्ट गाडी पडवीत उभी असते आणि वीज दोन-दोन दिवस नसते, त्यामुळे चार्जरवर भरवसा नाही. ट्रॅकरला वेगळं छोटं स्विच बसवू, की पावसाळाभर बॅटरीची निगेटिव्हच काढून ठेवू? स्विच बसवायचं तर ते पाण्यापासून लांब कुठे लपवता, तेही सांगा. चोराला सापडेल अशा जागी नको.