जिम्नीला २३५ चे टायर टाकू का? लिफ्ट (सस्पेन्शन उंच) न करता बसतील?

पानशेतचा_पाहुणा
नमस्कार मंडळी. माझी जिम्नी (मारुतीची छोटी फोर बाय फोर) २०२३ ची, मॅन्युअल, ३१ हजार किमी झालेत, टायर अजून कंपनीचेच, १९५/८० आर १५ (१९५ मिमी रुंद, बाजूची उंची रुंदीच्या ८० टक्के, रिम १५ इंची). आमचं शेत पानशेतच्या मागे आहे, डांबरी संपली की शेवटचे दोनेक किमी नुसती लाल माती आणि चढ, गेल्या पावसात तिथे अशी रुतली की फोर एल (चारही चाकं चालू, लो गिअर) टाकून पण चाकं जागच्या जागी फिरत बसली. शेवटी शेजारच्या काकांनी ट्रॅक्टर आणून ओढली आणि वरून "एवढी फोर बाय फोर कशाला घेतलीस रे" हे पण ऐकवलं.
आता टायरवाला म्हणतोय २३५/७५ आर १५ एटी (ऑल टेरेन, कच्च्या रस्त्यालाही चालणारे) टाका, सगळे टाकतात, काही होत नाही. मित्र म्हणतोय टाकायचेच तर १७ इंची अलॉय टाक, गाडी उठून दिसते. रोजचं हिंजवडी जाऊन-येऊन पण याच गाडीने आहे. घासतील का, अॅव्हरेज किती पडेल, कोणी केलंय का?

घाटातला_भिडू
आधी १७ चं डोक्यातून काढ. रिम मोठी केली आणि बाहेरचा व्यास तेवढाच ठेवला की रबर कमी होतं, आणि चिखलात-दगडात कामाला येतं ते रबरच, हवा कमी केल्यावर साइडवॉल (टायरची बाजू) फुगून टायर जमीन धरतो ना, ते. उलट रिम जेवढी लहान तेवढं बरं.

आता साइजचं बघ. तुझ्या आत्ताच्या टायरचा व्यास भरतो ६९३ मिमी. २१५/७५ चा ७०३.५, २३५/७५ चा ७३३.५. म्हणजे २३५ ने व्यास ४० मिमी वाढला तरी गाडी उचलली जाणार फक्त २० मिमी, कारण चाकाचा अर्धाच भाग एक्सलच्या खाली असतो, हे टायरवाले सांगत नाहीत. आणि स्पीडोमीटर १०० दाखवेल तेव्हा चाकं आधीपेक्षा जवळजवळ ६ टक्के जास्त पळत असतील. किमी पण तेवढेच कमी मोजले जाणार, म्हणून अॅव्हरेज पडलं पडलं म्हणून लोक रडतात त्यातलं थोडं नुसतं मोजणीतलं असतं.

दुसरं, कंपनीची रिम साडेपाच इंच रुंद आहे. २१५ त्यावर बसतो, २३५ ला कमीत कमी ६ ची लागते. टायरवाला बसवून देईल, बसतो पण, फक्त मधला पट्टा आधी झिजतो आणि वळणावर गाडी लडबडते.

मी २१५/७५ एटी टाकलेत, लिफ्ट नाही, रिम त्याच, ताम्हिणी आणि भोरकडे दोन पावसाळे झाले. पाचवा टायर, स्टेपनीचा, पण तोच घे हां, कंजूषी करू नकोस. या गाडीला मधला डिफरेन्शियल (पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा) नाही, फोर एचमध्ये (चारही चाकं चालू, नेहमीचा गिअर) एक चाक वेगळ्या व्यासाचं असलं तर सगळा ताण ट्रान्सफर केसवर (पुढे-मागे ताकद वाटणारा गिअरबॉक्स) येतो.

लिफ्टवाला_बाबा
मी केलंय २३५, दोन इंच लिफ्टसकट, म्हणून बोलतो. दिसते झकास, पार्किंगमध्ये पोरं फोटो काढतात. पण टायर टाकले, मग पुढचं वळताना घासायला लागलं म्हणून लिफ्ट केली, लिफ्टने एक्सल बाजूला सरकला म्हणून पॅनहार्ड रॉड (एक्सल मधोमध धरणारा दांडा) अॅडजस्टेबल घेतला, मग रिमा. चार आण्याची कोंबडी बारा आण्याचा मसाला. टायर घरच्या काट्यावर ठेवला तर जुन्यापेक्षा साडेचार किलो जास्त, आणि इंजिन तेच १३४ न्यूटन मीटरचं, घाटात आधी तिसऱ्यावर जायचो तिथे आता दुसरा. पाचवा गिअर एक्सप्रेसवेला सुद्धा जपून टाकतो. मागच्या दारावर जड स्टेपनी लटकते त्याचा खडखडाट वेगळाच.
स्पिती वगैरे करायचं असेल तर समजू शकतो. शेतावर जायला नको.

रायगड_रायडर
बाबा, पण लुकला काही किंमत आहे की नाही? १९५ वर ती जिम्नी लहान पोराने वडिलांचा शर्ट घातल्यासारखी दिसते. हौसेला मोल नसतं.

लिफ्टवाला_बाबा
मोल असतं, मी हप्त्याने फेडतोय 😄

कागदपत्रे_सोबत
कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ (गाडीतल्या बदलांबद्दलचं) वाचा, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने पण सांगितलंय की कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येणार नाही. टायरसाठी रस्त्यात क्वचितच कोणी अडवतं हे मान्य, पण अपघात झाला की विम्याचा सर्व्हेअर टायरवरचा आकडा वाचतो. माझ्या मेहुण्याचा क्लेम असाच अडकला होता, गाडी दुसरी होती. टाकायच्या आधी विमा कंपनीला मेल करून लेखी उत्तर घ्या, तोंडी नाही. आणि लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो तो आकडा) मूळ टायरपेक्षा कमी घेऊ नका.

घाटातला_भिडू
बरोबर. आणि घासतंय का बघायचं असेल तर खडू घे, चाकाच्या आतल्या प्लास्टिकला आणि मडफ्लॅपला फासून टाक. मग एक चाक फुटपाथच्या कडेवर चढव, स्टिअरिंग पूर्ण फिरवून पुढे-मागे घे, दोन्ही बाजूंनी, रिव्हर्समध्ये पण. जिथला खडू पुसला तिथे घासतंय. पैसे देण्याआधी दुकानातच एक जोडी चढवून कर.
तुझी गाडी रुतली ती उंचीमुळे नाही, हायवेच्या टायरच्या खाचा मातीने भरून गुळगुळीत झाल्या म्हणून. हवा किती होती तेव्हा?

पानशेतचा_पाहुणा
हवा? नेहमीचीच. कमी करायची असते हेच माहीत नव्हतं 🙈

घाटातला_भिडू
बघ म्हणजे. चिखलाआधी १८ पीएसआयवर आण, हळू चालव, झटक्यात वळू नकोस, आणि डांबरीवर यायच्या आधी परत भर, तशीच पळवलीस तर टायर तापून जाईल. बारा व्होल्टचा पंप गाडीत कायमचा ठेव.

पानशेतचा_पाहुणा
अपडेट. २१५/७५ एटी पाच घेतले. विमावाल्यांना मेल टाकला होता, हरकत नाही असं लेखी आल्यावरच दुकानात गेलो. खडू लावून बघितलं, पुढे डावीकडे मडफ्लॅपची कड जराशी पुसली, तिथे अर्धा इंच कापून घेतलं, बाकी काही नाही. पहिल्या गिअरला किंचित जड वाटते, ट्रॅफिकमध्ये दोन दिवसांत सवय झाली.
काल पाऊस पडून गेल्यावर शेतावर गेलो. १८ वर हवा, फोर एल, दुसरा गिअर, तोच चढ एकदम आरामात वर. काका बांधावर उभे राहून बघत होते, काही बोलले नाहीत. मग निघताना कळलं की पंप घरीच राहिला. काकांकडून सायकलचा पंप आणला आणि चार टायर भरता भरता अंधार पडला, तेव्हा मात्र बोलले.