लिनक्स टाकलं की सरकारी पाळतीपासून खरंच वाचतो का?

प्रश्न:
२०१३ ला स्नोडेनने, एनएसए या अमेरिकी गुप्तचर संस्थेसाठी काम केलेल्या माणसाने, तिच्या प्रिझम या पाळत कार्यक्रमाबद्दल बाहेर काढलं तेव्हापासून डोक्यात आहे, आता शेवटी लॅपटॉपवर डेबियन (लिनक्सचाच एक प्रकार) टाकायचं ठरवलंय. पण मेल, फोटो सगळं जुन्याच अकाउंटवर आहे, मग नुसती ओएस (ऑपरेटिंग सिस्टिम) बदलून काय फरक पडणार? आणि कोड काय मी वाचणार नाही, मग ओपन सोर्सवर, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेल्या सॉफ्टवेअरवर, विश्वास कशाच्या जोरावर ठेवायचा?

प्रतिसाद १:
फरक पडतो, पण अर्धाच. प्रिझममध्ये डेटा आपल्या मशीनवरून नाही, कंपन्यांकडून घेतला जायचा, म्हणजे मेल तिथेच राहिला तर लॅपटॉपवर डेबियन असो नाहीतर अजून काही, तो उघडाच. आधी एंड-टू-एंड एन्क्रिप्शनवाल्या सेवा घ्या, म्हणजे मजकूर कंपनीलाही वाचता येत नाही. आणि डेबियन टाकतानाच डिस्क एन्क्रिप्ट करा, नंतर करायचं म्हणजे डोक्याला ताप.

प्रतिसाद २:
कोड प्रत्येकाने वाचायची गरज नसते हो, ज्याला शंका येईल त्याला तो बघता आला पाहिजे. २०२४ चं एक्सझेड (लिनक्समधलं फाइल्स आकसवायचं ओपन सोर्स टूल) प्रकरण आठवा, एकाने दोनेक वर्षं विश्वास कमावून त्यात बॅकडोअर, म्हणजे आत शिरायचा चोरदरवाजा, घुसवलं आणि एका डेव्हलपरला एसएसएच लॉगिन (दुसऱ्या मशीनवर दुरून लॉगिन) साधारण अर्धा सेकंद उशिरा होतंय एवढ्यावरून संशय आला, त्याने मुळापर्यंत खणून काढलं!! डेबियनच्या टेस्टिंगपर्यंत (अजून चाचणीत असलेली आवृत्ती) ते पोचलं होतं, स्टेबलमध्ये (तपासून पक्की केलेली आवृत्ती) नाही, म्हणून तुम्ही स्टेबलच ठेवा.

प्रश्न विचारणारा:
पटलं. आधी मेल हलवतो, मग डेबियन स्टेबल.