मर्ज स्केचेस : विलीन, जोड की सांधणी?

वाळूजकर
फ्रीकॅड (संगणकावर यंत्रभागांचे आराखडे काढायचं सॉफ्टवेअर) शिकणाऱ्या आयटीआयच्या पोरांसाठी मराठीत टिपण काढतोय. दोन स्केच, म्हणजे रेघांच्या सपाट आकृत्या, एकत्र करणारी पायथन स्क्रिप्ट आली आणि 'मर्ज'पाशी अडलो. 'विलीन' लिहिलं, तर टूलरूममधले काका म्हणाले, "विलीन झालं म्हणजे मागं काही उरत नाही." खरंय. इथं जुनी दोन्ही स्केच जागेवर राहतात, तिसरं नवं तयार होतं. मग काय लिहावं?

नांदेडवाली
काकांशी सहमत. विलीन म्हटलं की आपल्याला १७ सप्टेंबर १९४८ आणि हैदराबाद संस्थानच आठवतं. 'एकत्रीकरण' घ्या.

बीडचा मास्तर
ताई, हैदराबाद राज्य त्यानंतरही नांदलं. १ नोव्हेंबर १९५६ ला त्याचे तीन वाटे झाले, तेव्हा ते गेलं. आणि 'एकत्रीकरण' हा जीआरमधला शब्द, पोरांच्या तोंडी बसायचा नाही. टेबल, पेन्सिल चालतात, मग 'मर्ज'नं काय घोडं मारलं?

लातुरी
'सांधणे' का नको? सुतार चौकट सांधतोच की.

वाळूजकर
आवडला, पण इथं सांधा होतच नाही. परवा एका ब्रॅकेटची दोन अर्धी स्केच मर्ज केली. कोपरे तंतोतंत एकावर एक दिसत होते. एक बिंदू माउसनं ओढला, तर एकच रेघ हलली, दुसरी जागची हलेना. दोन बिंदू एकाच जागी बांधणारी 'कोइन्सिडंट' अट वेगळी घालावी लागते. शिवाय अटी रेघांना क्रमांकानं ओळखतात. पहिल्यात ० ते ५ अशा सहा रेघा असतील, तर दुसऱ्यातली ० आता ६ होते. स्वतः स्क्रिप्ट लिहिताना दुसऱ्या स्केचच्या अटींतले आकडेही सहानं सरकवायचे. -१ आणि -२ हे आडवा-उभा अक्ष, ते तसेच ठेवायचे. विसरलात की दुसऱ्याची अट पहिल्याच्या रेघेला जाऊन बसते.

नांदेडवाली
'अट' कशाला? 'बंधन' म्हणा. अटी माणसं घालतात. मराठवाडा महाराष्ट्रात विनाअट आला म्हणतो आपण, विनाबंधन नाही.

बीडचा मास्तर
रेघ आडवीच पाहिजे, लांबी ४० मिमीच पाहिजे, ही अटच झाली. वाळूजकरांचा शब्द योग्य आहे.

लातुरी
आजी वाकळ शिवायची, तेव्हा लुगड्याचे तुकडे आधी नुसते 'मांडायची'. मग लांब लांब टाके घालायची, त्याला 'टाचणं' म्हणायची. बारीक शिवण शेवटी. वारा आला की मांडलेलं विस्कटायचं, टाचलेलं नाही. तुमचं मर्ज म्हणजे मांडणं, अन् कोइन्सिडंट म्हणजे टाचणं.

नांदेडवाली
हे पटलं. पण ती वाकळ की गोधडी? माझी आई जाड, जुन्या लुगड्यांची असली तरच वाकळ म्हणते.

लातुरी
आमच्या घरी पातळ असो की जाड, वाकळच. गोधडी हा शब्द मी पहिल्यांदा शाळेच्या पुस्तकात वाचला.