तैलरंगातील व्यक्तिचित्रण : जुन्या चित्राची नक्कल करून शिकावे का?

धागाकर्ता (पणजी)
तैलरंगात व्यक्तिचित्र शिकू पाहणाऱ्याने माणूस समोर बसवण्याआधी एखाद्या जुन्या थोर चित्रकाराच्या चित्राची संपूर्ण नक्कल करावी, असे माझे मत आहे. समोर माणूस असला की सारा वेळ साम्य साधण्यात जातो. मान कलते, ऊन सरकते आणि रंग कोणत्या क्रमाने चढवायचा हा मूळ प्रश्न बाजूलाच राहतो. नक्कल करताना मात्र रॉ अंबर हा तपकिरी रंग टर्पेंटाइनमध्ये पातळ करून आधी छाया बसवायची, ती वाळल्यावर उजेडाचे भाग जाडसर पांढऱ्याने उभे करायचे आणि शेवटी जवसाच्या तेलातले पारदर्शक ग्लेझ, म्हणजे रंगाचे पातळ थर, द्यायचे, हा क्रम हातात मुरतो. वरच्या थरात खालच्यापेक्षा तेल कमी पडले तर तो आधी वाळून तडकतो, हे नुसते वाचून अंगी लागत नाही. फ्लेमिश चित्रकार रुबेन्सने इटालियन चित्रकार तिशियनच्या चित्रांच्या नकला केल्या, त्या काही त्याला चित्र काढता येत नव्हते म्हणून नव्हे.

प्रतिसाद (मडगाव)
रुबेन्सपुढे मूळ चित्रे होती. आपल्या विद्यार्थ्यापुढे मोबाइलचा पडदा असतो. त्यावर पाहून तो डच चित्रकार व्हर्मीरची मोत्याचे डूल घातलेली मुलगी रंगवतो आणि मागे काळा रंग फासून मोकळा होतो. ते चित्र जिथे आहे त्या नेदरलँड्समधल्या हेगच्या मॉरित्सहाउस संग्रहालयाने २०१८ मध्ये हाती घेतलेल्या तपासणीतून असे दिसले की त्या मुलीमागे मुळात हिरवा पडदा होता. नीळ आणि एक वनस्पतिजन्य पिवळा रंग यांचे ते ग्लेझ काळाच्या ओघात विटले. म्हणजे विद्यार्थी गिरवतो ती व्हर्मीरची करामत नसून साडेतीनशे वर्षांची झीज असते. शिवाय त्या गोऱ्या गालांचे मिश्रण घोटून झाल्यावर आपल्याकडची सावळी व्यक्ती समोर बसली की हात अडतो, कारण सावळ्या कपाळावर खिडकीचा उजेड निळसर चकाकतो आणि तिथे नुसता पांढरा मिसळला की त्वचा राखेसारखी दिसू लागते.

धागाकर्ता
पडद्यावरून नक्कल करू नये, हे मान्य. पण त्यावरून नक्कलच करू नये असे सिद्ध होत नाही. गोव्यातल्या सांग्यात १८७० मध्ये जन्मलेले आणि मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकवणारे चित्रकार आंतोनियो शावियेर त्रिंदाद यांना ‘पूर्वेचे रेम्ब्रां’ म्हणत, आणि त्यांच्या चित्रांचा संग्रह इथेच, पणजीच्या फोंतेन्हासमध्ये, फुंदासाव ओरिएंत या पोर्तुगीज सांस्कृतिक संस्थेकडे आहे. आपल्याच माणसांचे वर्ण तैलरंगात कसे बसवले, याचे मूळ नमुने हाकेच्या अंतरावर असताना हेगकडे डोळे लावायचे कशाला? कॅनव्हासजवळ कडेला उभे राहून तिरप्या उजेडात पाहावे, रंग कुठे उंचवटा धरतो आणि कुठे विणीत मुरतो ते टिपून घ्यावे व मग घरी रंगवायला बसावे.

प्रतिसाद (म्हापसा)
दोघांनीही गृहीत धरले आहे की तयार चित्र आपला क्रम आपणच सांगते. जुन्या गोव्यातील संग्रहालयात पोर्तुगीज व्हाइसरॉय आणि गव्हर्नरांची चित्रे आहेत. १५४७ मध्ये तेव्हाचे पोर्तुगीज शासक जुआंव द कास्त्रू यांच्या काळात ही मालिका सुरू झाली आणि पुढे तिच्यावर वेळोवेळी रंग चढवले गेले. आज दिसणारा चेहरा मूळ चित्रकाराचा की दुरुस्ती करणाऱ्याचा, हे नुसत्या डोळ्यांना कळणे कठीण आहे. धागाकर्त्यांनी सांगितलेला क्रम योग्यच आहे, परंतु तो त्यांना कोणत्याही चित्राने नव्हे, शिकवणाऱ्याने सांगितला असणार. (आणि जूनमध्ये कोणी नक्कल आरंभू नये, आपल्याकडच्या दमट हवेत ग्लेझ चिकट राहते आणि कॅनव्हासच्या पाठीवर बुरशी धरते.)

प्रतिसाद (मडगाव)
हेच म्हणायचे होते. शिकवणारा लाभलाच असेल, तर त्याने तोच क्रम समोर बसलेल्या माणसावर शिकवावा.

धागाकर्ता
शिकवणारा क्रम सांगतो, पण कुठे थांबायचे ते सांगत नाही. गालाच्या कडेला छाया संपते तिथे दोन रंग किती घोटायचे आणि कधी ब्रश उचलायचा, हे मूळ चित्रातली तेवढीच बोटभर जागा पुन्हा पुन्हा रंगवून, शेजारी ठेवून ताडून पाहता येते. समोर बसलेल्या माणसाच्या गालाशी तसे ताडता येत नाही, कारण तो गाल कोणी रंगवलेला नसतो.